डाव्या स्पीकरखालची फळी

पहिलेच सांगून देतो — मी भूतबीत मानत नाही. मानत नव्हतो, असं लिहू का?... राहू द्या, सध्या मानत नाही असंच राहू द्या. मलकापूरले स्टेशनजोळ चाचाच्या दुकानात मी पाच वर्षांपासून रेडिओ दुरुस्त करतो. डब्यातून माणसाचा आवाज काऊन येते हे ज्याले माहीत आहे, त्याले लिंबाखाली कोण रडते अन् विहिरीतून कोण हाका मारते हे सांगून काय फायदा? तुमच्या सदरातले अनुभव मी चाचाले वाचून दाखवायचो अन् आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आता तोच चाचा म्हणे, "लिख तू बी. हसने दे लोगां को."

म्हणून टायपिंग क्लासच्या मशीनवर बसून भराभर मारून राह्यलो. मास्तर दहाले येतात, त्याच्याआधी संपवायचं आहे. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

माह्या मावशीचं गाव मलकापूरपासून दोन कोसावर. मावसा, म्हणजे नामदेवभाऊ, भाजीपाला करतात. वांगे, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळा माल मलकापूरच्या बाजारात. त्याहीनं औंदा एक जुनी अँबॅसिडर घेतली. लोकाले सांगतलं स्टेशनवर भाड्यानं लावतो म्हणून, पण खरी गोष्ट वेगळी होती. सुमनताई, त्याहिची एकुलती एक पोरगी, पोटुशी होती. पहिलं लेकरू सासरी असताना पोटातच गेलं. यावेळी माहेरी आणलं, तर बुलढाण्याच्या डॉक्टरणीनं तपासून सांगतलं की लेकरू आडवं आहे. कळा सुरू व्हायच्या पहिले इकडे आणून टाका, गावात थांबाल तर दोघंही हातचे जातीन. आता मलकापूर ते बुलढाणा म्हणजे मोताळा, राजूर, अन् मग घाट. एष्टीच्या धक्क्यात तिले न्यायचं कसं? म्हणून ती गाडी.

पण सुमनताईले गाडीत बसलं की जीव घाबरायचा. घाम फुटायचा, हात थंडे. गाणं चालू असलं की ठीक राह्यची. मग मावसानं मुंबईहून एका वळखीवाल्याच्या हातून कॅसेटचा स्टीरिओ मागवला. दोन स्पीकर! फिटिंग कोणाकडं? माह्याकडं! आमच्या दुकानात गाडीतला स्टीरिओ तोपर्यंत आलाच नव्हता. मी तर हवेत होतो राजेहो.

आता इथं जरा कामाचं सांगावं लागते. अँबॅसिडरच्या मागच्या सीटमागं, काचेखाली, पुठ्ठा असते. त्याच्यावर स्पीकर बसवला तर पुठ्ठाच थरथरते. फळी पायजे, सागाची, जुनी, वाळलेली. लाकूड जितकं जुनं तितका आवाज गोड. मावसाले सांगतलं तर मावसा म्हणे, "फळीची काय कमी हाय बे? गोठ्यात दमणी पडेल हाय."

दमणी म्हणजे माणसं बसून जायची बैलाची हलकी गाडी. ही आबाजीची, मावसाच्या बापाची. मावसाले समज आली तेव्हापासून ती कोणी जुंपलीच नव्हती, कडब्याखाली तशीच पडलेली. आम्ही बाजूची एक फळी काढली. अर्धी किडलेली निघाली, अर्धी ठणठणीत. म्हणून डाव्या स्पीकरखाली दमणीची फळी टाकली अन् उजव्याखाली सुताराकडची. वरून काळं रेक्झिन मारलं. आबाजी तेव्हा वावरात होते. त्याहिले विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

स्टीरिओ लावला. पहिलं गाणं — काय सांगू! मावशी ओट्यावरून खाली आली ऐकायले. अन् मग पाच-सात मिनिटांनी...

कुर्रर्र... कुईं.

थांबलं. मग परत. कुर्रर्र... कुईं. पितळीवर विळा घासल्यासारखा, दातातून शिरणारा आवाज.

"बसला तुहा इस्टिरिओ," मावसा म्हणे.

"नवीन आहे मावसा, जरा सुटन."

सुटला नाही. मी ट्रेबल कमी केला, हेड स्पिरिटनं पुसलं, दुसरी कॅसेट लावून पाह्यली. तसाच. दुसऱ्या दिवशी चाचाले घेऊन आलो. चाचाचा एकच नियम आहे, जागा बदलून पाह्य, मंग समजते आजारी कोण. आम्ही डावा स्पीकर उजवीकडं लावला, उजवा डावीकडं. खरखर डावीकडंच! म्हणजे स्पीकर चांगला. मग सेटमागच्या वायरी बदलल्या. खरखर डावीकडंच. म्हणजे सेट चांगला. अर्थिंग बॉडीवरून काढून सरळ बॅटरीले नेली. डायनॅमोले कंडेन्सर लावला. नंतर इंजिनच बंद केलं, गाडी आंगणात उभी, कॅसेट बी काढून टाकली, नुसता सेट चालू ठेवला.

कुर्रर्र... कुईं.

चाचा कितीतरी वेळ डोळे बंद करून आईकत बसला. मग म्हणे, "पक्या, ये गोल घूम रहा है."

मी ध्यान देऊन आईकलं अन् माह्या आंगावर काटा आला. खरंच. आवाज एका ठेक्यात येत होता. जसं चाक फिरते, एका जागी अडते, कुरकुरते, पुन्हा फिरते. उभ्या गाडीत.

सुमनताई मागच्या सीटवर बसली होती. ती म्हणे, "पक्या, बंद कर ना बापू ते. मले भेव वाटते. कोनी जड काहीतरी ओढून राह्यलं असं वाटते... अन् दमून गेलं."

तेवढ्यात आबाजी वावरातून आले. खांद्यावर फडकं, हातात विळा. आंगणातच थबकले. आबाजी म्हणजे वाळलेला माणूस, दिवसातून दहा शब्द बोलन तर खूप. त्याहीनं विळा टाकला अन् वरडले —

"उतरा! पोरीले उतरवा पहिले!"

"काय झालं बा?" मावसा.

"आख कोकलू राह्यला, आईकू येत नाही काय तुम्हाले? वंगण संपलं. दमणी कोकलली का उतरायचं असते, आख पाहाचा असते!"

आख म्हणजे चाकाचा आस. मावसा हसले. "बा, हे मोटार हाय. हिले कोठचा आख अन् कोठचं वंगण?"

आबाजीनं आईकलं नाही. ते गाडीच्या मागं गेले, सरळ डाव्या चाकाजोळ बसले अन् चाकावर हात ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. रेक्झिनखालच्या फळीचं त्याहिले कोणी सांगतलं नव्हतं. मी कसम खाऊन सांगतो, नव्हतं सांगतलं.

मी पण हसलो हो तेव्हा. पण एक गोष्ट डोक्यात बसली. सगळं बदलून झालं, फळीच राह्यली ना! लाकडाले आतून चीर असन, स्पीकरच्या धक्क्यानं ती घासत असन. बस! रेक्झिन काढलं, दमणीची फळी काढली, तिथं नवीन प्लाय टाकला, खाली नमदा, म्हणजे जाड लोकरीचा तुकडा. स्टीरिओ चालू केला...

मध. नुसता मध. खरखरीचा पत्ता नाही.

मावशीनं माह्या तोंडावरून हात फिरवला. सुमनताईनं कॅसेटची पूर्ण बाजू डोळे मिटून आईकली. मावसानं पाठीवर अशी थाप मारली की मी पुढं गेलो. "इंजिनेर हाय बे तू!" फळी मी सायकलीले बांधून दुकानात आणली. चाचाच्या घरी पाणी तापवायचा बंब आहे, त्याच्यात जळली असती. टेबलाखाली टाकली अन् विसरलो.

आठ-दहा दिवस गेले. मग एका सकाळी, नऊचा सुमार असन, दुकानासमोर हॉर्न वाजला. मावसा! डॉक्टरणीनं दिलेला दिवस तोच होता. मागं सुमनताई मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून, गाणं मोठ्या आवाजात चालू, काचा खाली. मावसा म्हणे, "चाललो रे बाप्पा. तुह्या इस्टिरिओनं पोट्टी हासू राह्यली पाह्य." सुमनताईनं हात हलवला. "पक्या, मामा व्हाचं हाय तुले, पैसे जमव." गाडी गेली. मी छाती फुगवून आत आलो, एका जुन्या मर्फी रेडिओचं मागचं झाकण उघडलं.

वीस मिनिटं झाली असतीन.

कुर्रर्र... कुईं.

चाचा म्हणे, "अबे बंद कर ना उसको."

"काय बंद करू चाचा? काही चालूच नाही."

दोघंही थांबलो. पाह्यलं तर लाईन गेलेली होती! पंखा बंद, दुकानात एक सेट चालू नाही. अन् टेबलाखालून — कुर्रर्र... कुईं. कुर्रर्र... कुईं. त्या दिवशी आंगणात होता तसा हळू नव्हता. भराभर. जसं बैल पळून राह्यले.

मी खाली वाकलो. फळी पडलेली होती, तिच्यावर सोल्डरचे थेंब, एक तुटकी बटणपट्टी. हात लावला. फळी हालत नव्हती. पण गरम होती राजेहो. चहाचा पेला असते तशी.

चाचा पाच वक्ताचा नमाजी माणूस. त्यानं फळीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् खिशातून शेजारच्या सायकलमार्टवाल्याच्या फटफटीची चाबी काढली. कधी मागून ठेवली होती काय मालूम. म्हणे, "बुढे ने क्या बोला था? उतरायचं असते. जा. भाग!"

मोताळ्याच्या रस्त्यानं मी कसा गेलो मले आठवत नाही. एकच डोक्यात — मोताळ्यात भेटले तर भेटले, त्याच्यापुढं घाट. अन् मध्येच दुसरं डोकं म्हणे, अबे बह्याडा, फळी कुरकुरली म्हणून पोटुशी बाईची गाडी अडवतं काय?

मोताळ्यात स्टँडजोळच्या हॉटेलसमोर गाडी उभी! सुमनताईले मळमळलं म्हणून पाणी पाजायले थांबले होते. मावसा बसून चाबी फिरवतच होते, गाडी चालू झाली अन् मी फटफटी समोर आडवी टाकली.

"काय झालं बे? घरी काही—"

आता काय सांगू? फळी बोलली म्हणून सांगू? मी खोटं बोललो. "मावसा, माह्याकडून चूक झाली. डाव्या चाकाजोळ एक वायर उघडी राह्यली. पेट्रोलची टाकी मागंच हाय. भडकन."

मावसाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "भडव्या, इंजिनेर म्हटलं तुले! पोरीची वेळ निघून जाऊ राह्यली अन् तू आता सांगतं? दोन मिनिटात कर!"

"चाक काढावं लागते."

"चाक? वायरीसाठी चाक?"

"काढावंच लागते मावसा."

शेजारी पंक्चरवाला होता. त्यानं जॅक लावला, डावं मागचं चाक उचललं, नट खोलायच्या पहिले सहज म्हणून दोन्ही हातानं धरून हालवलं. चाक खाली-वर हाललं. बोटभर. त्यानं आमच्याकडं पाह्यलं. पुन्हा हालवलं. मग पूर्ण खोललं, तर आतून बेअरिंगचा चुरा सांडला. अक्षरशः चुरा, चाळलेल्या रव्यासारखा. मधला मोठा नट दोन आट्यांवर लटकत होता.

पंक्चरवाला म्हणे, "काका, घाटाच्या पहिल्या वळणावर हे चाक तुमच्या पुढं पयालं असतं."

मावसा रस्त्यावर बसले. "दोन महिने नाही झाले बे... दोन महिन्यापहिले नवी बेअरिंग टाकली मी. माह्या डोळ्यासमोर टाकली."

मावशी मले म्हणे, "तुले कसं समजलं रे?" मी म्हटलं, वायर होती मावशी. सुमनताई नुसती माह्याकडं पाहत होती. मग हळूच म्हणे, "ते आलं होतं ना? ओढणारं?"

समोर बुलढाण्याची एष्टी लागली. कंडक्टर भला माणूस, त्यानं मागची पूर्ण सीट खाली करून देली, बायांनी लुगडी-चादरी टाकल्या, ड्रायव्हरनं घाट असा चढवला की पेल्यातलं पाणी हाललं नसन. संध्याकाळच्या आत सिझर झालं. पोरगी. दोघीही चांगल्या.

आता तुम्ही म्हणसान, सोपं आहे. बेअरिंग आवाज करत असन, स्टीरिओच्या नादात कोणाले आईकू आला नाही. हाव, मी पण हेच धरून बसलो होतो. पण मग आंगणात उभ्या गाडीत काय फिरत होतं? अन् चार-पाच कोस दूर, लाईन गेलेल्या दुकानात, न जोडलेल्या फळीत?

आठ दिवसांनी मी आबाजीकडं गेलो. एकटाच. सगळं सांगतलं, फळी कापली तेही सांगतलं. वाटलं मारतीन. ते गोठ्यातल्या दमणीजोळ गेले, जिथून फळी काढली ती खाच हातानं चाचपत बसले. मग बोलले.

"नाम्याची, तुह्या मावसाची, मोठी बहीण होती. त्याले आठवत नाही, तो रांगत होता. तिले बाळंतपणाले आणू राह्यलो होतो. आख कोकलला. वंगणाची नळी घरीच राह्यली होती. ती म्हणे, बा, थांब ना जरा, चाक कसं करू राह्यलं. मी म्हटलं, आता आलं घर." त्याहीनं खाच घट्ट धरली. "नाल्याच्या उतारावर आख तुटला. ती डाव्या बाजूनं बसेल होती. त्याच फळीले धरून."

पुढं काय झालं ते त्याहीनं सांगतलं नाही.

चाचा म्हणे, झालं ना बे, भाचीले वाचवलं तिनं, सलाम कर अन् विसर. पण मावशीच्या कानावर ही गोष्ट कशी गेली काय मालूम, ती वेगळंच बोलते. म्हणे, "नवी बेअरिंग दोन महिन्यात रवा कशी होते रे? फळी बसवल्यावरच ना? सांगणारी तीच अन् करणारी तीच असन तर?" हे मले हसण्यावारी नेता येत नाही. कारण तो आवाज... कसं सांगू, तो आवाज मायेचा नव्हता वाटत. रागाचा होता. अन् मी तो बंद केला, त्याची शाबासकी घेतली. फळी बंबात गेली असती तर? त्या आठवड्यात चाचीनं बंब पेटवला नाही, गवरीवर पाणी तापवलं, एवढ्याच्यानं ती वाचली!

अन् आता खरी पंचाईत. आबाजीनं सुतार बोलावून दमणी मोडायले लावली. त्या लाकडाचा पाळणा करायचा, सुमनताईच्या पोरीच्या बारशाले. कोणाचं आईकत नाहीत. म्हणतात, "माह्या लेकीचं लेकरू पाळण्यात पडलंच नाही. तिले पाहू द्या एकदा." पाळणा तयार होत आला, एक बाजूची फळी कमी पडून राह्यली. परवा माणूस धाडला माह्याकडं, फळी दे. मावशीनं मागून दुसरा निरोप धाडला, देशीन तर माह्या दारात पाय ठेवू नको, जाळून टाक. सुमनताईले अजून कोणी सांगतलंच नाही.

बारसं येत्या रविवारी आहे. मी फळीले स्पीकर लावून पाह्यला, सेट जोडून पाह्यला, कान लावून बसलो. साफ. एक खरखर नाही. दुरुस्तीवाल्यासाठी हे सगळ्यात वाईट असते, बिघाड असते पण तुमच्यासमोर दिसत नाही. आजकाल कोणी खरखर म्हणून सेट आणला की मी पेचकस ठेवून पहिले नुसता आईकत बसतो. गिऱ्हाईक हसतात.

तुमच्यापैकी कोणाले याचं काही गणित लागत असन तर लिहा, पण हे छापून येईन तोवर रविवार निघून गेला असन. देऊ का जाळू, मले आज तरी माहीत नाही. मास्तर आले वाटते, खाली सायकल लावू राह्यले. एवढंच सांगतो अन् उठतो — काल मी सायकलमार्टातून वंगणाची डबी आणली अन् फळीले चोळत बसलो. लाकडाले वंगण कोण लावते? चाचानं पाह्यलं. मले वाटलं हासन. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, अन् म्हणे, "उस बाजू से बी लगा."